गोठायला निमित्त लागते

(सांगली येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



पाणी शून्य अंशाला गोठते, हे आपण सगळे शाळेत शिकलो. आजचे बोलणे त्याच्या पुढचे आहे. बर्फ शून्य अंशाला वितळतो, हे पक्के. पण पाणी शून्याला गोठतेच, असे नाही. स्वच्छ पाण्याचा बारीक थेंब उणे दहाला पाणीच राहतो, उणे वीसलाही राहतो. ढगातला थेंब आपल्या केसाच्या जाडीहून कितीतरी लहान असतो. त्याला कुठल्याही परक्या कणाचा स्पर्श झाला नाही, तर उणे ३८ अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत तो द्रवरूपच राहू शकतो. शून्य ते उणे ३८ या पट्ट्यातल्या अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात. या पाण्यात बर्फाचा पहिला स्फटिक कसा जन्मतो आणि जन्मल्यावर कसा वाढतो, एवढाच आजचा विषय आहे.

बर्फावरचे व्याख्यान सिमल्याला शोभेल, सांगलीत कशाला, असे कोणाला वाटेल. पण तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, खानापूर या तालुक्यांतल्या द्राक्षबागायतदाराला बर्फाची जी धास्ती आहे, ती सिमल्याच्या माणसाला नसेल. ऑक्टोबर छाटणीपासून चार महिने जिवापाड सांभाळलेला माल फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरायला येतो आणि नेमक्या त्याच दिवसांत पूर्वेकडून काळे ढग चढतात. दहा मिनिटे गारा पडल्या की घड संपले. मणी फुटतात, पाने फाटतात, आणि काडीला जखमा झाल्या तर पुढच्या हंगामालाही घोर लागतो. बाग वाचली तरी शेडमधल्या रॅकवर वाळत घातलेला बेदाणा भिजून काळा पडायची भीती असतेच. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर जी गारपीट झाली, ती या सभागृहातल्या अनेकांना आठवत असेल. त्या प्रत्येक गारेची सुरुवात अतिशीत पाण्यात झाली होती.

अतिशीत पाण्याची पहिली नीट नोंद तीनशे वर्षांपूर्वीची आहे. तापमापकामुळे ज्यांचे नाव घरोघरी गेले, ते डॅनियल फॅरनहाइट. काचेच्या गोळ्यात पावसाचे पाणी भरून, आतली हवा काढून घेऊन, तोंड बंद करून त्यांनी तो हिवाळ्याच्या रात्री बाहेर ठेवला. बाहेर उणे नऊ अंशांच्या आसपास थंडी होती. सकाळी पाहतात तो पाणी जसेच्या तसे. गोळ्याचे तोंड फोडले आणि क्षणात पाण्यात बर्फाच्या सुया पसरल्या. १७२४ साली त्यांनी हे लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले. आज हा प्रयोग कोणालाही घरी करता येतो. शुद्ध पाण्याची बंद बाटली फ्रीझरमध्ये हलू न देता ठेवायची, पाणी उणे पाच-सहापर्यंत उतरले की अलगद बाहेर काढायची आणि टेबलावर आपटायची. वरून खाली बर्फ उतरत जाताना दिसतो. शाळांनी हा प्रयोग जरूर करावा. कुठल्याही पुस्तकापेक्षा तो मुलांना जास्त शिकवील.

आता प्रश्न असा की थंडी पुरेशी असताना पाणी अडते कशावर? बर्फात पाण्याच्या प्रत्येक रेणूला चार शेजारी असतात आणि ते ठरावीक कोनांत बसतात. रेणूंची षटकोनी कडी तयार होतात, कड्यांवर कडी रचली जातात. द्रव पाण्यातही रेणू एकमेकांना धरतात, पण ती पकड सतत सुटते आणि दुसरीकडे जुळते. या धावपळीत योगायोगाने दहा-वीस रेणू बर्फासारखे रचले जातात. असे सारखेच होत असते. तरीही ते टिकत नाहीत. बर्फ आणि पाणी यांच्यामध्ये जी सीमा तयार होते, ती राखायला ऊर्जा लागते. आतल्या रेणूंना बर्फ होण्याने लाभ असतो, पण सीमेवरच्यांना तोटा. गठ्ठा लहान असतो तेव्हा आतले थोडे आणि सीमेवरचे फार. हिशेब तोट्यात जातो आणि गठ्ठा विरघळतो. तो एका ठरावीक आकाराच्या पलीकडे गेला, तरच हिशेब फिरतो आणि मग त्याची वाढ थांबवता येत नाही. या आकाराला निर्णायक आकार म्हणतात. उणे दहा अंशांना त्याची त्रिज्या साधारण पाच नॅनोमीटर भरते, म्हणजे मिलिमीटरचा दोन लाखांवा भाग. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण तेवढ्यासाठी हजारो रेणूंनी एकाच क्षणी, एकाच जागी शिस्तीत यावे लागते, आणि असे योगायोगाने घडण्याची वाट पाहत बसलो तर विश्वाचे आयुष्यही अपुरे पडेल. तापमान जितके खाली, तितका हा आकार लहान. उणे ३८ च्या आसपास तो इतका लहान होतो की रेणूंच्या नुसत्या धावपळीतून तो सहज जमून येतो. तिथे परक्या मदतीची गरज संपते.

त्याच्या वरच्या तापमानाला मात्र निमित्त लागते. परका कण पाण्यात असेल आणि त्याच्या पृष्ठभागावरची रचना बर्फाच्या रचनेशी जुळत असेल, तर रेणूंना आयती बैठक मिळते. पूर्ण गोल गठ्ठा जमवायची गरज उरत नाही, बैठकीवर एक छोटी टोपी जमली तरी काम भागते. घरातल्या विरजणाशी याचे नाते लक्षात घ्या: दुधाला चमचाभर विरजण लागले की रात्रीत दही होते, नाहीतर दूध बराच काळ दूधच राहते. फरक एवढाच की विरजण दुधात पसरते आणि वाढते. बर्फाला बैठक देणारा कण, म्हणजे हिमकेंद्रक, तसा वाढत नाही, तो फक्त पहिली बैठक देतो. पुढची सगळी वाढ बर्फाची बर्फावर होते.

मोठ्या भांड्यातले पाणी बहुधा उणे पाच-सातच्या आतच का गोठते, तेही यातून कळते. पाणी जितके जास्त, तितका त्यात एखादा बरा कण असण्याचा संभव जास्त. एका थेंबाला तो कण मिळेलच असे नाही, हंड्याला मिळतोच. ढग म्हणजे एका हंड्याचे पाणी कोट्यवधी थेंबांत वाटून टाकलेले. म्हणून ढगातले पाणी इतके हट्टी असते.

कुठले कण ही बैठक देतात? धुळीचे सगळेच कण चालत नाहीत. समुद्राचे मीठ ढगाचा थेंब बनवायला उत्तम, पण पाण्यात विरघळून गेल्यावर ते बर्फाला काही मदत करत नाही. काजळी याबाबतीत अगदी सुमार. खनिज धूळ चालते, आणि त्यातही फेल्डस्पार. २०१३ साली ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठाच्या गटाने दाखवले की वाळवंटी धुळीत पोटॅशियमयुक्त फेल्डस्पारचा वाटा थोडा असला, तरी बर्फ घडवण्याचे बहुतेक काम तोच करतो. इथे मला आपल्या दगडाबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपण उभे आहोत तो दख्खनचा काळा बेसाल्ट. त्यातही भरपूर फेल्डस्पार आहे, पण तो मुख्यतः प्लॅजिओक्लेज जातीचा, कॅल्शियम-सोडियमचा. बर्फ घडवण्यात ही जात पोटॅशियमवाल्या भावापेक्षा कमी पडते. ग्रॅनाइटी प्रदेशांची आणि वाळवंटांची धूळ वेगळी. उन्हाळ्याच्या तोंडाला पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर थरचे वाळवंट आणि अरबस्तान यांची धूळ आपल्या आकाशात येते. म्हणजे तासगावच्या बागेवर पडणाऱ्या गारेचे निमित्त कित्येक वेळा हजारो किलोमीटरवरून आलेले असू शकते.

हे कण किती असतात, त्याचा अंदाज घ्या. ढगातल्या एक लिटर हवेत पाण्याचे काही लाख थेंब असतात. त्याच एक लिटरमध्ये उणे वीस अंशांना बर्फ घडवू शकणारा कण साधारण एखादाच. लाखांत एक! आकाशातल्या बर्फाचा सगळा कारभार या एका कणावर चालतो.

दुसरा एक कण सजीव आहे आणि त्याची कथा आपल्याला साताऱ्यात घेऊन जाते. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरचा वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसर इथे पहाटे हिमकण दिसल्याच्या बातम्या आपण वाचतो. बोटींच्या धक्क्यावर, गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर येतो आणि पर्यटक तो खरवडून फोटो काढतात. मग कोणी विचारतो: वेधशाळेचे किमान तापमान तर शून्याच्या बरेच वर होते, मग बर्फ आला कुठून? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. तो हवेचे तापमान सांगतो, पानाचे नव्हे. निरभ्र, निवांत रात्री पान आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होते. त्यात वेण्णेचा भाग खोलगट, भोवतालच्या उतारांवरची जड थंड हवा ओघळून तिथे साचते.

जमिनीलगतच्या या काही वितींच्या हवेचा अभ्यास जगात ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते एल. ए. रामदास पुण्याच्या वेधशाळेत कृषी हवामानशास्त्राचे काम करीत. १९३२ साली रामदास आणि आत्मनाथन यांनी दाखवले की अशा रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, ती वीतभर वर असते. त्या काळच्या शास्त्रज्ञांना हे पटेना. मोजमापात चूक असणार, असे बऱ्याच वर्षांनंतरही म्हटले गेले. पण निरीक्षण खरे ठरले, आणि आज या थराला रामदास थर म्हणतात. पुण्यातल्या वेधशाळेत बसून जमिनीपासून हातभर उंचीवरची हवा मोजणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे त्यांचे नाव पुरेसे घेतले जात नाही.

तर वेण्णेकाठच्या पानावर आधी दव पडते. पान शून्याखाली जाते, तरी दवाचा थेंब लगेच गोठत नाही, तो अतिशीत होऊन बसतो. पुढे काय होणार, हे पानावर कोण राहते त्यावर ठरते. स्यूडोमोनास सिरिंजी नावाचा एक जिवाणू पानांवर सर्रास आढळतो. त्याच्या पेशीच्या बाहेरच्या आवरणात एक लांब प्रथिन असते, आणि त्याच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या घड्यांवर पाण्याचे रेणू बर्फासारखे रचले जातात. हा जिवाणू उणे दोन अंशांनाच पाणी गोठवू शकतो. खनिज धुळीला बहुधा उणे पंधराच्या आसपास उतरावे लागते, म्हणजे हा किती पटाईत ते पाहा. १९७० च्या दशकात अमेरिकेत त्याचा हा गुण उजेडात आला. बर्फ झाला की पानाच्या पेशी फाटतात आणि जिवाणूला आतले अन्न मिळते. स्टीव्हन लिंडो यांच्या गटाने त्याचे बर्फ घडवणारे जनुक काढून टाकले. असा निरुपद्रवी जिवाणू पानावर आधीच फवारला, तर उपद्रवी भावाला जागा उरणार नाही, ही कल्पना. २४ एप्रिल १९८७ ला कॅलिफोर्नियात ब्रेंटवुड इथल्या एका वाफ्यात त्याची फवारणी झाली. जनुक बदललेला जीव सरकारी परवानगीने उघड्या शेतात सोडण्याची ती जगातली पहिली वेळ मानतात. आणि तो वाफा होता स्ट्रॉबेरीचा! देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी ज्या महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर पिकते आणि २०१० साली जिला भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या शेतकऱ्याच्या पहाटेच्या काळजीचा प्रश्न आणि जीवतंत्रज्ञानाच्या इतिहासातला हा प्रसंग मुळात एकच आहे. पानावरचा थेंब आज गोठणार की नाही?

पहिला स्फटिक जन्मला. आता वाढीकडे येऊ. इथे दोन वाटा आहेत आणि त्या वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे. एक वाट अतिशीत पाण्याच्या आत वाढण्याची, दुसरी बाष्पातून वाढण्याची.

पाण्याच्या आत वाढताना कच्च्या मालाची कमतरता नसते, चहूकडे पाणीच आहे. अडचण उष्णतेची. पाणी गोठताना ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. हाच तो अप्रकट उष्मा. ही उष्णता दूर गेल्याशिवाय पुढचा थर गोठू शकत नाही. आता हा हिशेब करा. उणे दहाला असलेल्या एक ग्रॅम पाण्याला शून्यावर यायला दहा कॅलरी पुरतात. म्हणजे जेमतेम आठवा भाग गोठला की त्यातून सुटलेल्या उष्णतेने सगळे पाणी शून्यावर येते आणि धावपळ थांबते. फ्रीझरमधली बाटली आपटल्यावर ती आरपार दगड का होत नाही, आत चुऱ्यासारखा बर्फ आणि पाणी का राहते, त्याचे कारण हे. उरलेले सात भाग गोठतात ते सावकाश, बाहेरच्या थंडीला उष्णता देत देत.

आकार ठरतो तोही उष्णतेवरच. पाण्यातला नवा स्फटिक आधी पातळ गोल चकती असतो. चकतीचे वरचे-खालचे सपाट पृष्ठ गुळगुळीत, त्यांवर नवा रेणू सहज बसत नाही. कडेला मात्र खडबडीतपणा असतो, तिथे वाढ झपाट्याने होते. चकती मोठी होता होता कडेवर कुठेतरी बारीकसा उंचवटा येतो. तो भोवतालच्या थंड पाण्यात किंचित पुढे घुसलेला असतो, त्यामुळे त्याची उष्णता चटकन निघून जाते, त्यामुळे तो आणखी पुढे घुसतो. पुढे असल्यामुळेच आणखी पुढे जाणे, हा प्रकार एकदा सुरू झाला की गोल कड टिकत नाही. आतली रचना षटकोनी, म्हणून फाटे फुटतात ते सहा दिशांना, आणि प्रत्येक फाट्याला पुन्हा उपफाटे. पाणी जितके जास्त अतिशीत, तितकी टोके अणकुचीदार आणि वेगवान. १९६० च्या दशकाच्या आरंभी मलिन्स आणि सेकेर्का यांनी या अस्थिरतेचे गणित मांडले आणि ते धातूंच्या ओतकामालाही लागू पडते. सांगली-कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसाने ओतीव तुकडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असेल, तर त्याला फांद्यांची ही नक्षी अनोळखी नसेल.

बाष्पातली वाट याच्या उलट. तिथे अडचण उष्णतेपेक्षा मालाची, कारण हवेत बाष्प विरळ असते. पण ढगात बर्फाच्या बाजूने एक मोठा पक्षपात आहे. बर्फ आपले रेणू पाण्यापेक्षा घट्ट धरतो, म्हणून त्याच्यावरचा बाष्पदाब त्याच तापमानाच्या अतिशीत पाण्यापेक्षा कमी असतो. उणे दहा अंशांना जी हवा थेंबांच्या लेखी जेमतेम संपृक्त, ती बर्फाच्या लेखी सुमारे दहा टक्के अतिसंपृक्त असते. परिणाम असा की लाखो थेंबांच्या गर्दीत एक बर्फाचा स्फटिक आला, तर थेंब आटत जातात आणि त्यांचे बाष्प त्या एकावर जाऊन बसते. काही मिनिटांत स्फटिक खाली पडण्याएवढा जड होतो. आल्फ्रेड वेगेनर यांना १९११ मध्ये हे सुचले. खंड सरकतात असे सांगणारे तेच वेगेनर. पुढे टोर बर्जेरॉन आणि वॉल्टर फिंडाइसेन यांनी १९३० च्या दशकात त्यातून पावसाची उपपत्ती उभी केली. स्फटिकाचा घाट तापमान ठरवते, हे जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी दाखवले. १९३६ साली होक्काइदोच्या प्रयोगशाळेत सशाच्या केसावर त्यांनी पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. उणे दोनच्या आसपास चकत्या, उणे पाचला सुया, उणे पंधराला सहा फांद्यांची ती प्रसिद्ध चांदणी.

हे सगळे ऐकून वाटेल की पाऊस म्हणजे वितळलेला बर्फच. युरोपात बऱ्याच अंशी तसे आहे. आपल्याकडे नाही, आणि त्याचा पुरावा सातारा जिल्ह्यातच सापडतो. जुलैत आपल्याकडे शून्य अंशाची पातळी पाच-साडेपाच किलोमीटरवर असते. घाटमाथ्यावरचे कितीतरी ढग तिथवर पोहोचतच नाहीत. त्यांत बर्फ नसतोच. समुद्रावरून आलेल्या मिठाच्या कणांवर मोठे थेंब बनतात, ते लहानांना गिळत खाली येतात आणि महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस देतात. वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने रडार बसवले आहे. त्याच्या निरीक्षणांतून हेच चित्र दिसते: घाटावर उथळ ढगांची गर्दी, आणि पूर्वेला माण-खटावकडे ढग विरळ पण उंच. त्याच संस्थेची ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरला आहे. पावसाळ्यात ढग तिथे खिडकीशी येतात, विमान उडवावे लागत नाही. शिराळा आणि जत हे एकाच सांगली जिल्ह्याचे तालुके, पण त्यांच्यावरचा पाऊस घडण्याची रीतसुद्धा पुष्कळदा वेगळी असते. पश्चिमेला बर्फावाचून भागते. पूर्वेकडच्या उंच ढगांत बर्फ कामाला येतो.

मार्चमध्ये हा सगळा मामला बिघडतो. जमीन तापलेली, खालच्या थरात समुद्रावरून आलेला ओलावा, आणि वर उत्तरेकडून उतरलेली थंड कोरडी हवा. शून्याची पातळी जुलैपेक्षा खाली आलेली. हवा प्रचंड वेगाने वर चढते आणि थेंबांना गोठायला वेळ न देता उणे दहा-उणे वीसच्या प्रदेशात नेऊन सोडते. तिथे अतिशीत पाण्याचा साठा होतो. त्यात एखादा बर्फाळ कण सापडला, की वाटेत येणारा प्रत्येक थेंब त्याला टेकताक्षणी गोठतो. एक सेंटिमीटरची गार सेकंदाला दहा मीटरच्या आसपास वेगाने पडते. तिला वर तोलून धरायचे, तर वारा तेवढाच जोरदार हवा.

गार मधोमध कापली की आत कांद्यासारखे पांढरे आणि पारदर्शक थर दिसतात. त्यांचे कारण मघाच्या उष्णतेच्या हिशेबातल्या आठव्या भागात आहे. पाणी कमी आणि थंडी कडक असेल, तर आदळलेला थेंब पूर्ण गोठतो, हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि थर दुधी होतो. पाणी भरपूर असेल, तर सुटलेली उष्णता गारेला शून्याशी आणून ठेवते, पृष्ठभाग ओला राहतो, बुडबुडे निसटतात, आणि थर काचेसारखा होतो. पूर्वी शिकवत की गार जितक्या वेळा वर-खाली जाते, तितके थर. ते खरे नाही. एकाच फेरीत कमी-जास्त पाण्याच्या पट्ट्यांतून गेली, तरी थर बदलतात. आणखी एक: उणे तीन ते उणे आठ या दरम्यान थेंब आदळून गोठताना बर्फाच्या बारीक किरच्या उडतात. हॅलेट आणि मॉसप यांनी १९७४ मध्ये हे दाखवले. लाखांत एक कण असताना काही ढगांत बर्फ इतका कसा वाढतो, याचे एक उत्तर तिथे मिळते.

आता उपायांकडे. १९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या शेनेक्टडीत व्हिन्सेंट शेफर यांनी फ्रीझरमधल्या अतिशीत धुक्यात शुष्क बर्फाचा तुकडा टाकला आणि धुके स्फटिकांनी लकाकले. त्याच नोव्हेंबरात बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइड शोधले. त्याची स्फटिकरचना बर्फाशी एक-दीड टक्क्याच्या फरकाने जुळते. मेघबीजनाचा जन्म तो. पण सिल्व्हर आयोडाइड उपयोगी पडते ते ढगात अतिशीत पाणी असेल तरच, हे आपल्याकडच्या चर्चेत सर्रास विसरले जाते. सोलापूर भागात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या त्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने जो काटेकोर प्रयोग केला, त्यात ढगाच्या उबदार तळाशी ओलावा शोषणारे क्षार सोडले होते, आणि पाऊस सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढल्याचे निष्कर्ष निघाले. त्या प्रयोगाचा दाखला देऊन कोणी गारपीट थांबवण्याचे यंत्र विकत असेल, तर दोन वेगळ्या गोष्टी तो एकत्र करतो आहे.

गारपीट थांबवण्याचे दावे जुने आहेत. ऑस्ट्रियात १८९६ पासून ढगांवर आवाजाच्या तोफा डागल्या गेल्या. त्या आजही विकल्या जातात, आणि जागतिक हवामान संघटनेच्या मते त्यांना शास्त्रीय आधार नाही. ढगात जास्त केंद्रक सोडायचे म्हणजे पाणी पुष्कळ गारांत वाटले जाईल आणि प्रत्येक गार लहान राहील, ही दुसरी कल्पना. ती तर्काला धरून आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९७७ ते १९८१ अशी पाच वर्षे रॉकेटांनी तिची कसून परीक्षा झाली, परिणाम दिसला नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे: बागायतदाराचा पैसा तोफेत जाऊ नये. बागेवरची जाळी आणि आच्छादन महाग आहे, पण गार तिथे खरोखर अडते. सरकारने मदत करायची, तर तिथे करावी.

एक काम मात्र आपल्यालाच करता येईल, आणि त्याला मोठी यंत्रे लागत नाहीत. गारपिटीच्या नोंदी आज पंचनाम्यातून मिळतात, आणि पंचनामा पिकाचे नुकसान मोजतो, गार मोजत नाही. १९६० च्या सुमारास अमेरिकेत गारपाटी नावाचे साधे साधन निघाले. फ्रान्स आणि इटलीत त्यांची जाळी वर्षानुवर्षे चालू आहेत. घट्ट थर्माकोलचा फूटभर चौकोन घ्यायचा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा ताणून बसवायचा आणि उघड्यावर खांबाला आडवा बांधायचा. गारा पडून गेल्या की पत्र्यावरचे खळगे मोजायचे. खळग्याच्या व्यासावरून गारेचा व्यास काढता येतो. त्यासाठी आधी वेगवेगळ्या वजनांच्या लोखंडी गोळ्या ठरावीक उंचीवरून टाकून पाटीचे प्रमाणीकरण करायचे. हे काम कुठल्याही महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाला एका दुपारात जमेल. तासगावपासून जतपर्यंत आणि तिकडे माण-खटावात दर पाच-सात किलोमीटरला एक पाटी बसली, तर दहा हंगामांत आपल्या गारपिटीचा नकाशा आपल्या हाती येईल. तो मांढरदेवच्या रडारशी ताडून पाहता येईल. विम्याचा हप्ता ठरवतानाही तो पुढे ठेवता येईल. पाटीसोबत गावातल्या कोणीतरी पाच-सहा गारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लगेच फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, पिशवीवर गाव, तारीख आणि वेळ लिहावी. गार वितळवून तिच्या पाण्यात कुठली धूळ आणि कुठले जिवाणू आहेत, हे प्रयोगशाळेत तपासता येते. कोणाला या कामात यायचे असेल, त्यांनी व्याख्यानानंतर आपले नाव आणि गाव माझ्याकडे द्यावे. पाट्या फेब्रुवारी लागण्याआधी खांबांवर चढायला हव्यात.